हनुवटी

कॉडच्या काचेसमोर लोक सरासरी
बावीस सेकंद थांबतात.
हे मी मोजलंय, खांबाआड उभी राहून,
गळ्यात स्टॉपवॉच, खिशात पेन्सिलीचं थोटूक.
ग्दिन्याच्या या मत्स्यालयात पोरं
पाटी वाचण्याआधीच विचारतात, "पुढे काय?"

झेनोन आजोबा एकोणीस मिनिटं उभे होते.
आधी वाटलं, घड्याळच बिघडलं.
मग वाटलं, पाय दुखत असतील.

प्रश्नावली त्यांनी टोपीवर ठेवून भरली.
हा मासा ओळखता का? हो.
आजवर किती पाहिलेत? टनांत सांगू?
आज नवीन काय कळलं?
इथे पेन बराच वेळ अडलं.
"हनुवटीला मिशीसारखा एक दोरा असतो, हे माहीत होतं.
त्यानं तो वाळू चाचपत जातो,
आंधळ्यानं काठी टेकावी तसा, हे नव्हतं.
आमच्या डेकवर वाळू नसायची."

मी रकान्यात लिहिलं: ज्ञानवृद्धी, एक गुण.
दोन देता येत नाहीत.

सहा महिन्यांनी, ठरल्याप्रमाणे, फोन.
मागे किटलीची शिट्टी, कुणीतरी खोकत होतं.
भेटीनंतर वागण्यात काही बदल?
"नाही बुवा."
मी खूण करणार इतक्यात म्हणाले,
"दाढी करताना मात्र
वस्तरा हनुवटीखाली आला, की जरा थांबतो."

का, हे विचारायला
फॉर्मवर जागा नव्हती.
'बदल नाही'वर खूण केली
आणि खोडरबर शोधत बसले.