पायरी

गड्डमशेठनी कन्ना चौकात, दुकानाच्या पायरीवर
कर्णा बांधला. नऊनंतर विलंबित ख्याल.
राग कुठलाही, पेनड्राइव्हमध्ये आला तो.
उंदरांना औषध घालावं, तसा.

पोरं बसायची इथं, सायलेन्सर काढलेल्या गाड्या,
तलवारीनं केक, शिट्ट्या.
पहिल्या रात्री हसली.
दुसऱ्या रात्री एक म्हणाला,
"पोट दुखालंय का बे ह्याचं?"
तिसऱ्या रात्री पायरी मोकळी.
शेठ खूश. मला म्हणाले, आवाज असाच ठेव.

उरला फक्त चिलवेरींचा व्यंकटेश.
कारखान्यातून सुटून येतो,
कानांत बारा माग अजून चालूच.
म्हणतो, एका सुरावर एवढा वेळ
कुणी थांबलेलं ऐकलंच नव्हतं मी.

सम आली की तळवा गुडघ्यावर.
चुकली की जीभ चावतो, एकटाच.

शेठ विचारतात, हा कसा उठायचा आता?
मी शटर ओढतो, अर्धंच.
आवाज जरा कमी करून बघतो,
तर तो मान वर करतो,
ताटातली भाकरी
कुणी उचलून नेल्यासारखी.

मी परत वाढवतो.