दंडाचा रकाना

सोहारच्या कचेरीत एसी गळतो,
खाली मी ठेवलाय आइस्क्रीमचा रिकामा डबा.
तीन वर्षं एकच बेरीज:
दंड जमा. तुरुंग खर्च.
शेजारचे रकाने, एकमेकांचं तोंड न पाहणारे.

शरफुद्दीन सुर्वे, बाणकोटचे, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर.
दंड दोनशे रियाल.
भरता आला नाही, म्हणून आत.
पहारेकरी, डाळ, शुगरच्या गोळ्या, दिवाबत्ती धरून
सरकारला ते आजवर पडले नऊशे चाळीसला.
कोर्टात नव्या खुर्च्या आल्या, त्या दंडाच्या पैशांतून.
दुभाषा नव्हता.
सुर्वे प्रत्येक प्रश्नाला नुसते ‘नाम, नाम’ म्हणत राहिले,
आमच्याकडे पाहुण्याला म्हणतात तसं, हो हो.

परवा राया मॅडमनी तो रकानाच खोडला.
‘शिक्षा ज्यानं द्यायची, त्यानं तिच्यावर जेवू नये.’
आणि मग, पेनाचं टोपण लावत, ‘इथे दुभाषे लिही.’
लिहिलं. आकडा अजून पेन्सिलीनंच आहे,
वरचे लोक काय म्हणतील कोण जाणे.

शुक्रवारी भेटीच्या वेळी सुर्व्यांना सगळं समजावलं,
काचेला तोंड लावून, आपल्या बोलीत.
त्यांनी नीट ऐकून घेतलं.
मग म्हणाले, बरं झालं हो,
पण माझे दोनशे कोण भरणार?