बुधवार नको

विल्माच्या उजव्या डोळ्यात दूध सांडलंय.
तसं ती म्हणते. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात,
आणि म्हणताना माझ्याकडे बघतात.
"तिला विचारा," मी म्हणते.
ते तिला विचारतात, जरा मोठ्यानं,
जसं काही दूध कानात सांडलंय.

आर्ब्रोथच्या या घरात आम्ही आठ जणं,
पाच राहणारी, तीन पगारी.
धुरावर मासे भाजायच्या भट्ट्यांचा वास
पडद्यांना, उशांना, आम्हालाही.
विल्मा पेट्री, वय एकोणसाठ,
दोन वर्षं झाली, चहा कपाशेजारी ओतते.

बहीण नेट्टा डंडीहून फोन करते :
"तिला काय कळतंय? मी करते सही, उरका."
नेट्टा वाईट नाही. दमलेली आहे.
पण सही नेट्टाची नको होती.
विल्माची हवी होती,
किंवा विल्माचं सहीसारखं जे काही असेल ते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी फोटो मांडले :
डोळा. बस. नर्स. पलंग.
पट्टी बांधलेली, हसणारी एक बाई.
एका टोकाला 'हो', दुसऱ्या टोकाला 'नको'.
'हो' मी तिच्या हाताशी किंचित सरकवून ठेवलं होतं.
विल्मानं ते एका बोटानं मागे सारलं,
ओळीत आणलं.
दुधातूनही दिसलं तिला.

मग पलंग उचलला
आणि पावाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.
मंगळवारी परत तेच.
शुक्रवारी पलंग सिंकखाली, फडक्याच्या मागे.
"म्हणजे नकार," फॉर्म म्हणाला.
फॉर्मला दोनच रकाने :
समजतं.
समजत नाही.

मी थांबले.
थांबणं पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

रविवारी भांडी पुसताना ती बोलली,
माझ्याशी नाही, हातातल्या बशीशी :
"चाळीस पलंग. शेवटचा माझा.
आई म्हणाली, संध्याकाळी येते."
तेव्हा ती सात वर्षांची.
त्या दवाखान्यातून बाहेर आली ती एकतिसाव्या वर्षी.

सोमवारी बसनं डंडीला गेलो दोघी, नुसतं पाहायला.
पलंग नव्हता. निळी खुर्ची होती, मागे कलणारी.
विल्मा बसली. उठली. परत बसली.
"चहा?" तिनं नर्सला विचारलं.
"झाल्यावर."
"आणि संध्याकाळी?"
"संध्याकाळी घरी."
हे तिनं नर्सकडून तीनदा वदवून घेतलं,
मग माझ्याकडून,
मग परतीच्या बसच्या ड्रायव्हरकडून,
ज्याला काहीच माहीत नव्हतं
आणि ज्यानं तरी शब्द दिला.

खुर्चीचा फोटो टेबलावर आला.
पलंगाचा मी तिला फाडायला दिला.
तिनं फाडला नाही.
घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला.
तिचाच होता तो.

"हो," ती म्हणाली. "बुधवार नको."
बुधवारी पोहायला जायचं असतं.
हॉस्पिटलकडे फक्त बुधवार होता.
मग फोन, आणि फोनमधलं ते वाट बघायचं संगीत,
आणि सहा आठवडे पुढची तारीख.
नेट्टा चिडली. मीही, खरं सांगायचं तर.
सहा आठवडे टेबलावर चहा पुसायचा
एका पोहण्यापायी.
पुसला. गुरुवार मिळाला.

सहीच्या जागी तिनं मासा काढला,
एकेक खवला मोजून.
डॉक्टर पेनाकडे बघत बसून राहिले.

"आणि डावा डोळा?" त्यांनी विचारलं,
या वेळी तिला, साध्या आवाजात.
विल्मानं डावा मिटला,
दुधातून त्यांना न्याहाळलं,
मग उघडला.
"बघू," म्हणाली.

दोन रकान्यांच्या बाहेर, समासात,
मी तेवढंच लिहिलं.