अकरा किलो सहाशे

दुकानात शिरल्याशिरल्या त्सियाला बाईंनी
पियानोची वायर काढायला लावली,
आणि बंद पट्ट्यांवर बोटं चालवत राहिल्या.
खट्. खट्. खट्.
"रात्री पोर हेडफोन लावून सराव करणार,
आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाणार ते एवढंच,"
म्हणाल्या, आणि पांढरा बाद झाला.
विकणारा पोरगा, बेसिको, माझ्याकडे बघायला लागला.
मी छताकडे.

मी कुतैसीतला सूर जुळवणारा.
एकतीस वर्षं यांच्या उभ्या पियानोच्या तारा पिळल्या,
पावसाळी हवेत पुन्हा उतरणाऱ्या.
खेपेला वीस लारी, वर द्राक्षाच्या रसात घोळलेले अक्रोड.
आज मला सोबत आणलंय
ज्याचा सूर कधी उतरणारच नाही
असं वाद्य पारखायला.
कुऱ्हाडीच्या दांड्याला काय वाटतं
ते मला विचारा.

पैसे बाराशे लारी, त्यातले तीनशे भावजयीचे.
डावा खांदा गेल्या हिवाळ्यात निखळून बसवलेला.
आणि दर बुधवारी त्स्खालतुबोचं जुनं आरोग्यधाम:
युद्धातून पळून आलेली माणसं
तिथे तात्पुरती म्हणून उतरली, त्याला तीस वर्षं होतील.
पाचवा मजला. लिफ्टच्या जागी भोक.
तिथली सात मुलं पुठ्ठ्यावर आखलेला पियानो वाजवतात.

"पट्ट्या जड हव्यात. पेटी हलकी."
"दोन्ही एकत्र महाग पडतं, बाई."
"ते मला अडुसष्ट वर्षं माहीत आहे. दाखव."

त्याने सव्वीस किलोचा दाखवला.
त्याचा खर्ज पोटात उतरला,
मी डोळे मिटले. त्यांनीही मिटले असावेत.
मग एक टोक उचलून पाहिलं, ठेवलं,
"हा घरी बसेल. घरी बसायला मी आहेच."

एक मधोमध दुमडणारा होता, फक्त सहा किलो,
पट्ट्या रिमोटच्या बटणांसारख्या.
त्यावर एक आख्खी ओळ वाजवून
त्यांनी रुमालाला हात पुसले.

तिसरा काळा, अकरा किलो सहाशे.
खालच्या सप्तकात थोडी पत्र्याची बादली.
मी तसं बोललो.
त्यांनी एकच पट्टी हळू दाबली, इतकी हळू
की आवाज यावा की न यावा हे तिचं तिला ठरवता येईल.
पाच वेळा.
चारदा आला. एकदा नाही.
"हं," म्हणाल्या,
आणि तो पिशवीत घालून, पिशवी पाठीला लावून
सरळ दुकानाबाहेर.

"बाई, पैसे!" बेसिको धावला.
शेजारच्या इमारतीत दंतवैद्य चौथ्या मजल्यावर.
त्या तिथवर चढल्या.
आम्ही दोघं खाली, उगाच पायऱ्या मोजत.
उतरल्या तेव्हा कान लाल, श्वास फाटलेला.
"वर जाताना काही नाही. उतरताना गुडघा बोलतो.
हाच दे. आणि बादलीचं काय,
आमच्या मुलांनी बादल्या पाहिल्यात."

बुधवारी मिनीबसवाल्याने दोन तिकिटं घेतली.
म्हणून त्यांनी पियानोला खिडकी दिली.
आरोग्यधामात वीज नव्हती.
सहा जाड सेल मी विकत घेतले होते, का ते माहीत नाही.
खातिया, वय नऊ, पहिली बसली.
पुठ्ठ्याने तिला कधी उलट ढकललं नव्हतं,
बोट अर्ध्या वाटेत थांबलं,
तिने बाईंकडे पाहिलं: मोडलं का?
"दाब. ते तुलाच ढकलतंय."

मी बाहेर जिन्याच्या तोंडाशी.
खिशातला स्वरकाटा काढून गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला,
आतून नेमका तोच स्वर आला.
तंतोतंत. केसाचाही फरक नाही.
मला थोडा राग आला.

मग दार किलकिलं करून बाई म्हणाल्या,
"गुराम, जाऊ नकोस.
उतरताना हा तुझ्याकडे."