काळ्याचे सहा धागे

आमच्या कारखान्यात तिचं नाव 'आफ्रिका'.
कॅटलॉग नंबर एकशे बेचाळीस, तीस बाय साठ, झालरीचे पैसे वेगळे.
डोक्यावर मडकं, मान हातभर लांब,
मागं केशरी सूर्य, कडेला एक जिराफ.
चेहरा नाही.
चेहऱ्याला चौकोन फार लागतात, चन्नय्या शेठ म्हणाले,
कंबर दे. कंबर विकते.
दिली.
आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं,
जीभ दातांत धरून.

जुळे सोलापुरात एका बंगल्यात
ती मला परत भेटली. सोफ्याच्या वर, एसीच्या खाली.
मुलाच्या आजीला जिना उतरवत नाही म्हणून
दाखवायला मलाच नेलेलं.
मुलाच्या आईनं आधी भिंत दाखवली,
किती आर्टिस्टिक आहे ना,
मग माझ्या कोपराकडं पाहिलं.
फोन करतो म्हणाले.
नल्लगा उंदि अन्नारु, आत्यानं आठवड्यानं सांगितलं.
काळी आहे म्हणाले.
तेलुगूत ऐकलं की जरा कमी लागतं,
असं तिला वाटतं.
मला आठवतो तो सूर्य.
खालच्या कडेला एक चौकोन चुकला होता. माझाच.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
अटलांटाहून ऑर्डर आली, एकच नग.
ओडेसा नावाची चित्रकार, स्वतःही काळी,
बायका रंगवते.
हिच्यात एक बाई प्लास्टिकच्या खुर्चीत,
गाऊन, केसांना फडकं, पाय बादलीत,
आणि बघते अशी
की आपण दार न वाजवता आत आलोय.

शो येत नाही की, शेठ म्हणाले.
जरा उजळ घे. गळ्यात काहीतरी घाल.
त्यांच्या पोरानं मोबाइल पुढं केला, काळ्या बायका अशा असतात बघ:
तेल लावलेल्या, साखळ्यांतल्या, नाचणाऱ्या,
कॅमेरा मांडीपासून वर चढतो
आणि गळ्याशी येऊन कट.
नाहीतर मग राणी. सिंहासन, डरकाळी,
मागं आग.
मी अंगठ्यानं खूप खाली गेले.
बसलेली एकही सापडली नाही.

ओडेसाबाईंनी चित्राखाली लिहिलेलं,
पोरानं वाचून दाखवलं:
चमकवू नका. शूर करू नका.
ती दमलेलीही नाही.
तिला आज कुठं जायचं नाही, एवढंच.

आधी नुसता काळा घालून पाहिला.
चेहऱ्याचा खड्डा झाला.
मग निळा आणला, मानेच्या सावलीला.
नाकपुडीला वांगी. गालाला विटकरी.
कपाळावर, जिथं उजेड टेकतो, तिथं शेवाळी,
शेठ बघून हसले, शेवाळी.
सहावा काही मिळेना.
कोनांच्या रॅकपुढं दुपारभर उभी राहिले,
एकेक कोन काढून
कोपराला लावून बघत.

ती मी नाही, हे मला कळतं.
तिच्या मागं जहाजं आहेत, विकलेली माणसं आहेत,
माझ्या मागं साखर पेठ, आत्या, एक न आलेला फोन.
वजनाला हे सारखं भरत नाही.
मी फक्त चौकोन मोजते.
तिच्या डोळ्याला चारशे बारा लागले. एका.

नरसय्यामामानं माग लावला.
नाकापर्यंत आली आणि लाइट गेली.
अर्धी बाई, अंधारात, कारखाना गप्प.
लच्छमव्वा विड्या देऊन परतताना डोकावली,
मोबाइलची बॅटरी तोंडाजवळ धरून बराच वेळ बघत राहिली.
कोण आहे गं ही? बसलीय बघ कशी,
भाडं थकल्यासारखं कुणाचं तरी.
मग स्वतःशी: बसू दे.

लाइट पहाटे आली.
शेठचा फोन त्याच्याही आधी:
ते तसलं एकच पुरे,
लग्नसराई आहे, एकशे बेचाळीस दोनशे नग काढ.
बरं म्हटलं.
जुनी पुठ्ठ्याची कार्डं झिजलेली,
नवी मारायला घेतली. मडकं, मान, कंबर,
सूर्यातला तो चौकोन नीट केला.
आणि जिथं चेहरा नाही तिथं
दोन भोकं जास्तीची मारली.
एवढ्या लांबून डोळे दिसणार नाहीत.
सोफ्यावर बसणाऱ्याला
नुसतं वाटेल, कुणीतरी बघतंय.