पंधराव्या वलयापासून

तातू नाबरांच्या पोफळीत,
शिंपण्याचा पाट फुटतो तिथे, तिसऱ्या माडाशी,
फूटभर लांब, फूटभर रुंद, वीतभर खोल
असा मातीचा चौकोन मी उचलते.
गोणपाटावर पसरते. ढेकळं बोटांनी फोडते.
बत्तीस निघाली.

तातू कुदळीला टेकून विचारतात,
“ह्यां काडू आमचां काय भायलां?”
आजगावात कुणालाही आधी हेच विचारतात.
मलाही विचारलं होतं, एसटीतून उतरल्या-उतरल्या,
आणि आजोळ अणसूरचं निघाल्यावर
कोकमाचं सरबत आलं.

काडवांना आजोळ विचारता येत नाही.
दहा टक्के अल्कोहोलच्या बशीत ठेवायचं,
वळवळ थांबेपर्यंत थांबायचं
(हा वेळ मी कधी वहीत लिहीत नाही),
मग तोंडाकडून वलयं मोजायची,
टाचणीच्या टोकानं. एक. दोन.
अकरावर तातू काहीतरी बोलले.
पुन्हा एक.

पर्याणिका म्हणतात त्या सुजट पट्ट्याला.
पर्याण म्हणजे खोगीर. पण इकडच्या बऱ्याच जणांचं
खोगीर नसतंच ते,
बोटात रुतलेल्या वळ्यासारखं सगळीकडून असतं.
ह्याच्या पाठीवर मात्र खरंच खोगीर आहे,
पिवळसर, पोटाकडे उघडं,
पंधराव्या वलयापासून एकविसाव्यापर्यंत.
आणि शेपटीवरून उलटं बोट फिरवलं
तर दोन दिवसांच्या दाढीसारखं टोचतं:
दृढरोम सरळ रांगेत नाहीत,
चिऱ्याच्या भिंतीसारखे
सांधे चुकवून बसवलेत.

“भायलां,” मी म्हणते. “समुद्रापलीकडचं.
कलमांच्या कुंडीतून आलं असेल.”
तातू बांधावरच्या काजूकडे बघतात.
मग अननसाकडे. मग माझ्याकडे.
“आणि ह्यांका काय म्हणतलंस?”

उत्तर आहे, पण लांबडं आहे.
बाहेरचं हा एक रकाना. उपद्रवी हा दुसरा.
पहिल्यातून दुसऱ्यात जायला
कितीतरी वर्षांची मोजणी लागते:
माती घट्ट होतेय का, पाणी मुरतं का,
आधीची होती ती कुठे गेली.
आधीची कोण होती
हेच कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तातूंना आठवतं. शाळा बुडवून गरवायला जात,
तेव्हा गरीला लावायची ती निळसर असत,
जाड, मुठीत धरली की झटका देणारी.
“आता नाय गावत,” म्हणतात,
“पण मियां तरी आता खय गरवतंय?”
मी वहीत उतरवते, शाईनं:
निळसर. जाड. झटका. पुरावा नाही.

एकोणीस खोगिरांची.
सहा पिल्लं, टोचऱ्या शेपटीवरून कळली, तीही त्यांचीच.
दोन वेगळी, वळेवाली, त्यांचं नंतर बघीन.
उरली पाच.
वयात न आलेली, शेपूट गुळगुळीत,
जिथे मोजायला सुरुवात करावी तो पट्टाच अजून नाही.
ह्या वयात सगळी सारखीच गुलाबी दिसतात.
त्यांच्या बाटलीत चिठ्ठी टाकते, ‘अनिश्चित’.
पेन्सिलीनं.
स्पिरिटमध्ये शाई विरघळते.

तातू पायानं खड्डा बुजवतात.
मी गोणपाट झटकते
आणि त्याच्या दुमडीतून तेहतिसावं पडतं,
आडवं, ओलं, जाडसर,
रंग बघायला वाकते तोवर
पाटाच्या कडेनं
आत.