तिसरं कडवं

बाहेर समुद्राचं खारट वारं,
आत काचांवर वाफ.
फर्गल ग्लास तिरका धरतो, अर्ध्यावर थांबतो.
काळ्या बियरला घाई चालत नाही,
साय धरेपर्यंत तिला एकटं सोडायचं.

कोपऱ्यात दोन फिडल, एक बासरी
आणि डफ वाजवणारं पोरगं, दिवसा मेंढ्या कातरणारं.
खिडकीला बाहेरून टेकलेला फिन्टन.
त्याला आत यायची बंदी.
ईस्टरला त्यानं आरसा फोडला
आणि वर विचारलं, "हा कोण मघापासून माझ्याकडे बघतोय?"

साडेदहाला कुणीतरी डिंफ्नाचं नाव घेतलं.
फर्गलनं फ्रीजची घरघरसुद्धा बंद केली.
डोळे मिटून, शेजारणीचा हात धरून
ती गायला लागली, साथीशिवाय,
बोटीचं, बोटीवरच्या पोराचं.
दोन कडवी झाली. मग
तिसरं आलंच नाही.

कुणी खोकलं नाही.
साठ माणसं, आणि फेस बसत असल्याचा आवाज.
डिंफ्नाचा अंगठा त्या हातावरून फिरतोय,
शब्द चाचपत.

तेवढ्यात खिडकीच्या फटीतून
सिगरेटच्या धुरासकट
एक ओळ आत आली, घोगरी, बेसूर.
तिनं ती उचलली. डोळे न उघडता.

नंतर पुन्हा तोच गलका,
डफानं ठेका धरला, कुणाचा तरी बूट हरवला.
फर्गलनं एक ग्लास भरला,
अर्ध्यावर थांबला, साय धरू दिली,
खिडकी वर सरकवली
आणि बाहेरच्या कठड्यावर ठेवला.

बंदी आहेच, म्हणाला.
आणि आरशाचे पैसेही.